दुर्गाबाई भासऱ्यांपुढे बोलल्या

अकोटच्या रस्त्यावरच्या आमच्या गावात दुर्गाबाईंचा आवाज बऱ्याच जणांनी ऐकलेला नव्हता. माहेर बाळापूरचं. तिथं ही पोरगी नदीवर धुणं धुवायला गेली की पलीकडच्या काठावरच्या बाया हात थांबवून तिच्या गोष्टी ऐकायच्या. सूर्यभानशी लग्न झालं, सासरी आली, आणि तोंडाला कुलूप लागलं. कारण घरात भासरे होते, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, खुशालराव. भासऱ्यांपुढे बोलायचं नाही, हा रिवाज. पदर नाकापर्यंत आणि पाठ भिंतीकडे.

पण घर म्हटलं की निरोप असतातच. त्यासाठी दुर्गाबाईंनी गोठ्यातली कपिली धरली होती. खुशालराव ओसरीत आले की ह्या दारातून म्हणायच्या, "कपिले, सैपाक झाला वो. पाट मांडला." खुशालरावही गाईकडेच बघून म्हणत, "कपिले, मी नंतर जेवतो म्हना." अशी सगळी वर्षं गाईच्या मध्यस्थीनं गेली. गाय बिचारी रवंथ करायची.

आता सूर्यभानही काही कमी नव्हता. थोरल्या भावासमोर कधी खाटेवर बसला नाही की विडी ओढली नाही. भाऊ काही म्हणाला की हा म्हणणार, "हो जी." विषय संपला.

तर सत्तावन-अठ्ठावन सालची गोष्ट. कापूस वेचणीच्या दिवसांत सूर्यभानचं पोट दुखायला लागलं. बेंबी सरकली म्हणून गावातल्या जाणत्या बाईनं पोट चोळून दिलं. वरून एरंडेलही पाजलं. दुखणं वाढलं, ताप चढला, तेव्हा कुठं बैलगाडीत आणि मग यष्टीत घालून त्याला अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. आतड्याचं शेपूट, म्हणजे अपेंडिक्स, पिकून फुटलं होतं. तिथल्या सर्जनसाहेबांनी पोट उघडलं, पू काढला, धुतलं, शिवलं. सगळ्यांना वाटलं, सुटलो.

पण पोट फुगत चाललं. ताशासारखं तणलं. हिरव्या उलट्या, उचक्या, आणि खाली काहीच नाही. वारा नाही की परसाकड नाही. डॉक्टर पोटावर नळी लावून ऐकत, तर आत सामसूम.

खुशालरावांनी विचारलं, "साहेब, आतडं अडकलं का जी?"

"अडकलं नाही, पिळलंही नाही. थांबलंय," डॉक्टर म्हणाले. "आत पू झाला, वर ऑपरेशन झालं. उलट्यांमधून अंगातले क्षार गेले. दुखणं थांबवायच्या इंजेक्शनांनीसुद्धा आतडं सुस्तावतं."

"म्हंजे बैल औतात बसला म्हना."

डॉक्टरांना ते फार आवडलं. "अगदी बरोबर. बसलेल्या बैलावर ओझं लादायचं नाही आणि त्याला टोचायचंही नाही. तोंडानं पाण्याचा घोटसुद्धा नाही. एरंडेल तर नाहीच नाही. आपसूक उठेपर्यंत वाट पाहायची."

मग नाकातून रबरी नळी पोटात घातली आणि साचलेलं पाणी ओढून काढलं. शिरेतून खारं पाणी आणि क्षार, सोबत पेनिसिलिन. दुखण्याची इंजेक्शनं कमी केली. खाटेवर उठवून बसवायचं, कूस बदलवायची. वारा सरला की समजायचं, आतडं चाललं.

आता आली पंचाईत. डॉक्टर रोज सकाळी येणार आणि खणखणीत आवाजात विचारणार, "काय सूर्यभानजी, वारा सरला का?" खाटेभोवती गावची माणसं, सोयरे, आणि पायथ्याशी फेटा बांधून उभे खुशालराव. सूर्यभान डोळे मिटायचा आणि मान हलवायचा. नाही.

एका सकाळी डॉक्टरांना पोटात बारीकसा आवाज लागला. "अरे वा! कालपेक्षा बरं आहे. वारा सरला का?"

सूर्यभाननं भावाकडं बघितलं, सोयऱ्यांकडं बघितलं, आणि एकदाचं प्रकरण मिटावं म्हणून म्हणाला, "हो जी."

"झकास! सिस्टर, नळी काढू या. आधी थोडा चहा, मग भाताची पेज."

खाटेच्या उशाशी, भिंतीकडं तोंड करून दुर्गाबाई बसल्या होत्या. त्यांचा जीव उडाला. नवरा खोटं बोलला, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? त्या तिथून हलल्याच नव्हत्या. पण समोर भासरे. आणि अकोल्यात कपिली कुठून आणावी?

त्यांनी खाऱ्या पाण्याच्या टांगलेल्या बाटलीकडं तोंड केलं. "बाटले, सांग वो, तसं काई झालं नाई."

बाटली काय सांगणार? सिस्टरनं नळीची पट्टी सोडायला हात लावला. तेव्हा दुर्गाबाई उठल्या, वळल्या आणि साऱ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा म्हणाल्या, "साहेब, हे खोटं सांगून राह्यले! ह्यांचा वारा सरला नाई! मोठ्या भावासमोर लाज वाटते म्हून हो म्हनते!"

सूर्यभाननं चादर तोंडावर ओढली. डॉक्टरांनी सिस्टरचा हात थांबवला.

"बाई, बरं केलं बोललात. नळी काढून पेज दिली असती तर पोट पुन्हा फुगलं असतं. उलटी छातीत गेली असती तर माणूस गुदमरतो. आतडं फार ताणलं की फाटतंही."

सगळे खुशालरावांकडं बघू लागले. दुर्गाबाईंनी पदर पुन्हा नाकापर्यंत ओढला. खुशालरावांनी फेटा सारखा केला, खाकरले, आणि सोयऱ्यांवर ओरडले, "चला रे सारे बाहीर! का तमाशा पायता? आन मीबी चाललो. मी इथं उभा हाय तवरिक या गड्याचं काई सुटनार नाई!"

आणि खरंच, त्या घडीपासून खुशालराव बाहेर कडुलिंबाखाली बसले. आलेल्या प्रत्येकाला तिथंच अडवत. आत दुर्गाबाई नवऱ्याला धरून बसवत, कूस बदलवत. "आता कोनी नाई जी," म्हणत. "मी हाय, भिंत हाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी सिस्टर ताप बघत असताना ते घडलं. बारीकसारीक नव्हे, शेजारच्या खाटेवरचा म्हातारा झोपेतून उठून म्हणाला, "कोनाची गाडी आली?" सूर्यभान हसला, टाके दुखले, तरी हसतच राहिला.

दुर्गाबाई बाहेर गेल्या. पदर होता, पण कपाळापर्यंतच. "भाऊजी," त्या म्हणाल्या, "सरला."

खुशालराव उठले. डोळे पुसले. "मोठ्यानं सांग बाई. या लोकायलेबी आयकू दे."

डॉक्टरांनी नळी काढली, ती त्यांनी स्वतः पोटावर कान देऊन खात्री केल्यावर. आधी घोटभर पाणी, मग चहा, मग पेज. सूर्यभान पुढं पुष्कळ वर्षं औत हाकत राहिला.

घरी परतल्यावर खुशालराव ओसरीत आले, तेव्हा दुर्गाबाई सवयीनं गोठ्याकडं वळल्या. "कपिले..." म्हणेपर्यंत खुशालराव म्हणाले, "तिले चरू दे वं. मले सांग, सैपाक झाला का?"