समोरच्या साच्यावरचा माणूस

आमच्या ऑफिसातला शिपाई दर शनिवारी दाराला लिंबू-मिरची बांधतो आणि मी ती दर शनिवारी काढून टाकायचे. यावरून आमचं तीन वर्षं भांडण चालू होतं. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून कुणीतरी कमेंट करणारच — "ताई, तुमचा मुळात विश्वास असणार." नव्हता हो. आजही आहे असं म्हणवत नाही... पण गेल्या मे महिन्यापासून मी ती लिंबू-मिरची काढत नाही, एवढं खरं.

मी एका छोट्या संग्रहालयात काम करते. नाव देत नाही, नोकरी टिकवायची आहे. चिंचपोकळी स्टेशनाला लालबागच्या बाजूला उतरून दहा मिनिटं चाललात की एका बंद गिरणीची एकच शेड उभी दिसते, बाकी सगळीकडे टॉवर. त्या शेडमध्ये गिरणगावचा इतिहास मांडलाय. मे महिन्यात आमच्याकडे उन्हाळी कार्यक्रम असतात. सकाळी मुलांचं शिबिर, म्हणजे ठशांची छपाई, सागरगोटे, पुठ्ठ्याची चाळ वगैरे, आणि शनिवारी दुपारी सगळ्यांसाठी 'साचाखात्यातली दहा मिनिटं'. साचा म्हणजे कापडाचा माग, गिरणीत त्याला साचाच म्हणायचे. ही दहा मिनिटं माझ्या डोक्यातून निघालेली. मोठ्या हॉलमध्ये दोन जुने साचे समोरासमोर ठेवलेत. एकाला मुलं हात लावू शकतात, दुसऱ्याभोवती दोर बांधलाय कारण त्यावर जुने उभे धागे तसेच ताणलेले आहेत. साडेतीन वाजता स्पीकरवर साच्यांचा आवाज लावायचा, पूर्ण व्हॉल्यूममध्ये, आणि लोकांना कळू द्यायचं की आपले आजोबा आठ-आठ तास कशात उभे राहायचे. आवाज आम्ही मुंबईबाहेरच्या एका चालू कारखान्यात जाऊन रेकॉर्ड करून आणला होता. त्याचा इथल्या कुठल्याच गिरणीशी संबंध नाही, हे लक्षात ठेवा.

कार्यक्रमाला सावंतकाका यायचे. वय अठ्ठ्याहत्तर, राहायला लालबागलाच, परळच्या एका गिरणीत साचाखात्यात जन्म गेलेला. त्या आवाजात शेजारच्याचं बोलणंही ऐकू यायचं नाही, म्हणून कामगार ओठांनी बोलायचे. आवाज न काढता नुसते ओठ हलवायचे, समोरच्याने वाचायचे, सोबतीला हाताच्या खुणा. सावंतकाका मुलांना हे करून दाखवायचे आणि मुलं जाम खूश व्हायची.

आता बाबांविषयी. माझे बाबा सावंतकाकांच्याच गिरणीत, त्यांच्याच खात्यात. गिरणी गेली, मग वॉचमन झाले. दोन वर्षांपूर्वी त्यांना झटका आला. उजवा हात-पाय गेला आणि बोलणं गेलं. अगदी 'पाणी'सुद्धा नाही. आई आधीच गेलेली, भाऊबहीण नाही, त्यामुळे घरात आम्ही दोघंच. मी बोलते आणि ते बघत राहतात. सुरुवातीला मी रोज विचारायची, "बाबा, मी कोण? माझं नाव सांगा ना." मग डॉक्टर म्हणाले, असं छळू नका त्यांना. तेव्हा विचारायचं थांबवलं, पण वाट बघायची काही थांबली नाही. खरं सांगते, मला दुसरं काही नको होतं. एकदा 'सुशे' म्हणून हाक मारली असती तरी पुरे होतं.

मेमध्ये त्यांना सांभाळणाऱ्या मावशी गावी गेल्या. शनिवारी त्यांना एकटं कुठे ठेवणार? घेऊन आले कामावर. आमच्या क्युरेटर मॅडम म्हणाल्या, "बसू द्या, पण कार्यक्रमात गडबड नको." मी व्हीलचेअर पहिल्या साच्यापाशी लावली, हातात सरबताचा ग्लास दिला आणि कामाला लागले. साडेतीनला आवाज सुरू झाला. मिनिटभराने सहज वळून पाहिलं तर बाबांची मान ताठ, डोळे समोर आणि ओठ भराभर हलताहेत.

मला वाटलं, दुसरा झटका आला. मी धावत सुटले, आवाज बंद करा म्हणून हात हलवत होते, तोच सावंतकाकांनी मला दंडाला धरून थांबवलं आणि कानात ओरडले, "थांब गो! बंद करू नको. तो बोलता हा!"

"काय बोलतायत?"

सावंतकाका बाबांच्या तोंडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "इचारता हा... खंय होतंस इतके दिस?"

"कुणाला विचारतायत?"

"बाबल म्हणता हा." सावंतकाकांचा चेहरा उतरला होता. "बाबल परब. तुझ्या बापाशीच्या समोरच्या साच्यावर असायचा."

दहा मिनिटं संपली, आवाज थांबला आणि बाबांचे ओठही थांबले. पुन्हा तेच कोरं बघणं. सरबत सगळं लेंग्यावर सांडलेलं. सावंतकाकांनी सांगितलं ते एवढंच की संपाच्या वेळी बाबल गावी गेला आणि तिथे काविळीने गेला. पत्र आठ दिवसांनी आलं, त्यामुळे बाबांना जाता आलं नाही. दोघं एकाच खोलीत राहायचे, एकाच ताटात जेवायचे. मला हे बाबांनी जन्मात कधी सांगितलं नव्हतं.

सोमवारी डॉक्टरांना गाठलं. ते म्हणाले, असं होऊ शकतं, बोलणं गेलेल्या माणसाला कधी कधी जुनं गाणं पूर्ण म्हणता येतं, तसंच हे. चला, कारण मिळालं! मी तर आनंदाने वेडी व्हायची बाकी होते. म्हणजे आत शब्द आहेत. घरी येऊन तेच रेकॉर्डिंग मोबाइलवर लावलं, मग ब्लूटूथ स्पीकरवर, मग भिंतीला स्पीकर टेकवून. बाबा ढिम्म. शेजारच्या काकू मात्र येऊन विचारून गेल्या, "सुषमा, मिक्सर बिघडलाय का गं?"

दुसऱ्या शनिवारी मी दुपारपासूनच घड्याळ बघत होते. आवाज सुरू झाला आणि बाबा लगेच बोलायला लागले. या वेळी मी नीट पाहिलं. ते एकसारखे बोलत नव्हते. बोलायचे, थांबायचे, समोर बघत मान डोलवायचे, आणि मग पुन्हा बोलायचे. एकदा तर इतके हसले की पोट हललं. समोर काय? दोरामागचा साचा आणि त्याच्यापलीकडे भिंत. सावंतकाका मला एकेक वाक्य सांगत होते. गावच्या जत्रेचं काहीतरी, कुणाच्या लग्नाचं काहीतरी. मग बाबांनी डावा हात उचलून दोन बोटं एकमेकांवर टेकवली आणि फटकन सोडली.

"ही कसली खूण?"

"धागो तुटल्याची," सावंतकाका म्हणाले. "तुझो धागो तुटलो, बघ — असा सांगता हा त्याका."

कार्यक्रम झाल्यावर लोक पांगले तशी मी दोर ओलांडून गेले. मोबाइलचा टॉर्च लावून अगदी नाक टेकवून बघावं लागलं, पण होता. शेकडो धाग्यांत एक धागा तुटून लोंबत होता. बाबा बसले होते तिथून हा साचा वीस फुटांवर आहे, आणि बाबांच्या एका डोळ्यात पिकलेला मोतीबिंदू आहे. मी मॅडमना कळवलं, त्यांनी फोटो काढून रजिस्टरला नोंद केली. वस्तूची नासधूस झाली की तसं करावं लागतं. हॉलला कुलूप लागलं आणि किल्ली मॅडमच्या पर्समध्ये गेली, ती मंगळवारीच बाहेर आली.

मंगळवारी मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. "कुणी हात लावला?" त्यांनी त्याच सकाळी काढलेला फोटो पुढे केला. तुटलेला धागा सांधलेला होता. गाठ इतकी बारीक की झूम केल्यावरच दिसत होती. मी म्हटलं, मी नाही. शिपाई म्हणाला, मी नाही. मॅडमनी आमच्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मला अजून डाचते.

फोटो मी सावंतकाकांना दाखवला. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. "साचेवाल्याची गाठ ही. दुसऱ्या कोणाक जमाची नाय."

"तुम्ही बांधलीत का? खरं सांगा, मी मॅडमना नाही सांगणार."

त्यांनी दोन्ही हात माझ्यासमोर धरले. पान हलावं तसे थरथरत होते. शर्टाची बटणं त्यांची सून लावून देते, हे मला त्या दिवशी कळलं. बाबांचा तर एकच हात चालतो.

त्या आठवड्यात माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. कुकरच्या शिट्ट्या मोजता येईनात, गॅस बंद केला का बघायला जिना दोनदा चढून आले. शिबिरातल्या मुलांवर उगाच खेकसले. बाबांकडे बघायचे आणि मनात यायचं, काय चाललंय तुमचं? आणि खोटं कशाला बोलू... भीतीपेक्षा राग जास्त होता. दोन वर्षं मी भरवते, अंघोळ घालते, रात्री कूस बदलून देते. माझ्या वाट्याला एक शब्द नाही आणि त्या बाबल्याशी हसणं-खिदळणं?

त्यातच सावंतकाकांनी सांगितलं की पुढच्या शनिवारी ते येणार नाहीत.

"असं काय करता काका? शेवटचा कार्यक्रम आहे. बाबा काय म्हणतात ते मला कळणार कसं?"

"माका नको ता." ते त्यांच्या घराच्या गॅलरीत कठड्याला धरून उभे होते. "बापाशीचे ओठ मी वाचतंय, ता ठीक. पण तो मधीच गप रवता ना, उत्तर ऐकल्यासारखो... तेवा मी त्या बाजूक बघणंय नाय. बघलंय आणि समोरच्याचा पण वाचूक इला तर?"

मी म्हटलं, मग मला शिकवा. ते नाही-नाही म्हणत होते, पण मी काही हटले नाही. बुधवारपासून रोज संध्याकाळी त्यांच्या गॅलरीत बसायचे. ते ओठ हलवायचे, मी ओळखायची. काही जमायचं, काही नाही. 'प' आणि 'म' तर सारखेच दिसतात. तीन दिवसांत कुणी पंडित होत नाही, पण बाबांचं मालवणी माझ्या कानात लहानपणापासूनचं, त्याचा उपयोग झाला. घरी आरशासमोर बसूनही सराव केला.

बेत मी कुणालाच सांगितला नव्हता. सरळ हिशोब केला होता — बाबा समोरच्या साच्यामागे बघून बोलतात ना? मग तिथे मीच उभी राहते. जे असेल ते भास असेल, सवय असेल, पण समोर मी असले तर माझ्याशी बोलतील. त्यांना कळेल, ही सुशी आहे.

शेवटच्या शनिवारी गर्दी बऱ्यापैकी होती. शिबिरातली मुलं आईबाबांना घेऊन आली होती. मी दोराच्या आत गेले. मॅडमनी भुवया उंचावल्या, मी दुर्लक्ष केलं. साच्याच्या पलीकडे, भिंतीला पाठ लावून उभी राहिले. पंखा माझ्या डोक्यावरच होता, तरी घाम थांबत नव्हता. आवाज सुरू झाला.

बाबांनी मान वर केली. बघितलं... आधी माझ्या बाजूला कुठेतरी, मग माझ्याकडे. नीट माझ्याकडे. दोन वर्षांत त्यांनी मला असं ओळखीच्या नजरेने पाहिलं नव्हतं. मी ओठांनीच म्हटलं, "बाबा."

त्यांचे ओठ पुढे आले, मग फाकले. सु-शे. मी शंभर टक्के सांगते, सुशे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि क्षणभर काही दिसेना. पुसलं तेव्हा ते अजून बोलत होते. माझं लक्ष नाही असं वाटून त्यांनी पुन्हा, सावकाश म्हटलं, लहान मुलीला समजावतात तसं. डावा हात हवेत बाजूला सारत.

"सुशे, बाजूक हो गो. तो दिसना नाय."

मी बाजूला झाले. दोराला धरून उभी राहिले आणि फरशीकडे बघत बसले, कारण दुसरीकडे कुठे बघायचं धाडस झालं नाही. बाबा आवाज संपेपर्यंत बोलत होते. काय बोलले ते मी वाचलं नाही.

आता तुम्ही विचाराल त्या आधीच सांगते. रजिस्टर मी उलटंपालटं करून पाहिलं. दोन्ही साचे भंगारवाल्याकडून आलेत, मूळ गिरणीची नोंद नाही. गाठ अजून तशीच आहे, मॅडमनी चौकशी सोडून दिली. डॉक्टरांचं म्हणणं पहिल्या शनिवारपुरतं पटतं, त्यापुढचं मी त्यांना सांगितलंच नाही. कुणाला काही स्पष्टीकरण सुचत असेल तर जरूर लिहा, पण मी शोधणं बंद केलंय. पुढच्या उन्हाळ्यात हा कार्यक्रम ठेवायचा का, असं मॅडमनी विचारलंय. मी 'हो' म्हणून कळवलं.

बाबा बरे आहेत. गप्पच असतात. सकाळी दाढी करून देताना त्यांचा चेहरा माझ्यासमोर एवढा जवळ असतो, तरी ओठ हलत नाहीत. दोन वर्षांत त्यांनी मला एकदाच हाक मारली. तीही बाजूला हो म्हणायला.