बर्फावरचा ठिपका

माझी सून निवेदिता जुने सिनेमे धुते. मी असंच सांगते; ‘रिस्टोरेशन’ म्हटलं की महाराष्ट्र मंडळातल्या बायकांचे चेहरे कोरे होतात. कॉम्प्युटरवर एकेक चित्र उघडायचं आणि त्यावरची धूळ, ओरखडे काढायचे. लंडनमधल्या स्टॅनमोरच्या आमच्या घरात बोटभर धूळ साचली तरी बाईसाहेबांना दिसत नाही, शंभर वर्षांपूर्वीची मात्र लगेच दिसते.

गेल्या हिवाळ्यात तिच्याकडे उत्तर ध्रुवाकडच्या एका मोहिमेचा मूकपट आला. त्या मोहिमेतला एक खलाशी परतलाच नव्हता. वादळात हरवला, अशी पडद्यावर पाटी होती. कॅमेरामनची नात मॉरीन, ऐंशीची, आजोबांचं नाव पुन्हा पडद्यावर बघायला आसुसलेली. सारखी फोन करायची.

एका दुपारी निवेदिता स्वयंपाकघरात आली ती पांढरीफटक. “आई, जरा या ना. मला एकटीला नाही बघवत.”

मी गेले. सगळीकडे बर्फ. माणसं स्लेज ओढत पडद्याबाहेर जातात आणि मागे, लांबवर, एक काळा ठिपका. कॉम्प्युटरने तो धूळ समजून पुसला होता. मूळ फिल्मशी ताडून पाहताना तिला सापडला. तिने मोठा करून दाखवला. माणूस होता. दोन्ही हात वर करून हलवत होता. आभाळ स्वच्छ, वादळाचा मागमूस नाही. जाणाऱ्यांपैकी कुणी वळून पाहत नव्हतं. कॅमेरा मात्र त्याच्यावरच रोखलेला, रीळ संपेपर्यंत.

“राहू दे पुसलेला,” मी म्हटलं. “त्या म्हातारीचा काय दोष?”

“आणि त्याचा? He's right there, आई. मी पुसला तर आम्हीपण त्याला सोडून गेलो ना.”

तिने एकेका चित्रात तो माणूस परत आणला. तेवढे दिवस मला बागेकडे बघायचीही भीती वाटे, तिथे कुणी उभं असेल म्हणून. मग मॉरीनला घरी बोलावून आधी तिलाच दाखवलं.

रडेल, चिडेल, कोर्टात खेचेल, असं मला वाटलं होतं. ती पडद्याकडेच बघत बसली. चहा तसाच गार झाला. निघताना दारात मी सवयीने हात हलवला, तर तिने तो पटकन धरून खाली केला.

“आजोबा आम्हाला असा हात हलवू द्यायचे नाहीत,” ती म्हणाली. “केवढे ओरडायचे. आम्हाला वाटायचं, शिस्तीचे आहेत.”