धाकट्याचं नेट

शाळेत हजेरी घेताना मास्तर नाव पुकारायचे आणि धाकटा उभा राहायचा. 'हजर' एवढंच म्हणायचं असायचं. पण त्याचा 'ह' घशातून वर येईपर्यंत मास्तर पार मागच्या बाकावर पोचलेले असायचे. समोर जिता-जागता पोरगा उभा दिसत असूनही त्याच्या नावापुढे गैरहजेरी पडायची. जो बोलत नाही तो आलेला नाही, असा मास्तरांचा कायदा. वर्षअखेरीला हजेरी कमी भरली म्हणून त्याला परीक्षेला बसू दिलं नाही. थोरला भाऊ त्याच शाळेत वरच्या वर्गात होता. त्यानं घरी येऊन ही बातमी वडलांना दिली, चांगली मीठमसाला लावून. वडलांनी पट्टा काढला. धाकट्यानं खुलासा करायला तोंड उघडलं, पण खुलासा तोंडाबाहेर पडेपर्यंत मार खाऊन झालेला होता.

गल्लीनं त्याला 'धक्कास्टार्ट' हे नाव दिलं. तो कुणाशी बोलायला थांबला, की पोरं मागून पाठीला हात लावून ढकलायची. "जोर लावा रे, इंजिन गार आहे." मोठी माणसं पोरांना दटावायची आणि दटावता दटावता स्वतःच हसायची.

घरात तर त्याला वाक्य पुरं करायची गरजच पडत नसे. ते काम थोरल्याकडे होतं. थोरला जागा-जमिनीचा दलाल, त्यामुळे जिभेला हाड म्हणून नाही. धाकट्यानं ओठ हलवले की हा वाक्य उचलायचा आणि नेऊन स्वतःला पटेल तिथं ठेवायचा. एकदा जेवताना धाकटा "मला प, प" करत होता.

"पाणी दे गं त्याला," थोरला म्हणाला.

धाकट्याला पगार वाढल्याचं सांगायचं होतं. त्यानं पाणी पिऊन टाकलं. घराला ती वाढ कळली ती दुसऱ्या महिन्यात.

लग्न जमवतानाही थोरलाच बोलला. मुलगा मितभाषी आहे, म्हणाला. मुलीकडचे खूश झाले. वायफळ बडबड करणारे जावई त्यांनी पुष्कळ पाहिले होते. लग्नानंतर बायकोला खरा प्रकार कळला. "मितभाषी म्हणून माल दाखवला आणि घरी आणून बघते तर बटण दाबलं तरी आवाज नाही," असं ती माहेरी सांगून आली. फसवल्याचा राग तिनं मनात पक्का ठेवला. थोरल्यासारखं त्याचं वाक्य ती कधीच पुरं करायची नाही. तो अडला, की हाताची घडी घालून त्याच्या तोंडाकडे बघत बसायची. "चालू द्या. मला कुठं गाडी पकडायचीय."

ओठ मिटावे लागतील असली अक्षरं त्याची सगळ्यांत मोठी वैरी. ब, प, म. तेव्हा त्यानं आडवाटा शोधून ठेवल्या होत्या. बायकोला तो 'घरचे' म्हणायचा, बाजाराला 'खरेदी', पावसाला 'सर'. समोरच्याला वाटायचं, माणूस जरा जुन्या वळणाचं बोलतो. एका शब्दाला पर्याय आहे तोवर माणूस जगू शकतो, हे त्यानं अनुभवानं जाणलं होतं.

तो चष्म्याच्या दुकानात कामाला होता. पुढं काउंटरवर आरसे, दिवे आणि गोड बोलणारा एक विक्रेता. मागच्या खोलीत धाकटा आणि भिंगं घासायचं यंत्र. चाकावर पाणी ठिबकत असायचं, काच घासल्याचा बारीक पांढरा चिखल त्याच्या नखांत जायचा. यंत्राचा आवाज एवढा, की त्याच्याशी कुणी बोलायला जात नसे. तो तिथं सुखी होता म्हणायला हरकत नाही. पण दुकानात एक तिसरी खोलीही होती, डोळे तपासायची. तिथला म्हातारा तपासनीस थकला होता. मालक एकदा सहज बोलून गेला, "अभ्यासक्रम पुरा कर, तुला आत बसवतो. तिथं बोलायचं ते गिऱ्हाइकानं. तू नुसतं भिंग बदलत जायचं."

हे वाक्य धाकट्याच्या डोक्यात रुतून बसलं. अंधाऱ्या खोलीत लोक अक्षरं मोठ्यानं वाचणार, अडखळणार, चुकणार, आणि तो गप्प बसून ऐकणार. बाहेरून परीक्षा देऊन त्यानं बारावी कधीच काढली होती. त्यानं ऑनलाइन कॉलेजात नाव घातलं. पहिल्या सत्रात सगळ्यांना एक पेपर सक्तीचा होता: संगणक आणि इंटरनेटची ओळख. तो सुटल्याशिवाय पुढचं सत्र उघडत नव्हतं.

पहिल्याच तासाला त्याला कळलं की इथं हजेरी चॅटमध्ये लिहायची असते. त्यानं 'हजर' टाइप केलं. बाईंनी वाचलं आणि पुढं गेल्या. तो बराच वेळ त्या शब्दाकडे बघत बसला.

मग बाईंनी अचानक त्याला प्रश्न विचारला. त्यानं माइक चालू केला, तोंड उघडलं आणि नेहमीसारखा अडकला. भीतीनं पापणीसुद्धा लवेना. सगळा वर्ग त्या उघड्या तोंडाकडे बघत होता.

"काका, तुमचं चित्र गोठलंय," बाई म्हणाल्या. "नेट अडकलं वाटतं. उत्तर चॅटमध्ये लिहा."

त्या दिवशी धाकट्याला आयुष्यात पहिल्यांदा एक सबब मिळाली. दुसऱ्या दिवसापासून त्यानं सराव धरला. दुकान उघडायच्या आधी काउंटरवरच्या आरशापुढं उभा राहायचा आणि अडकल्याबरोबर दगड व्हायला शिकायचा. मान तिरकी, ओठ अर्धवट, नजर एका जागी, श्वास रोखलेला. घरी तो कोऱ्या भिंतीला पाठ लावून बसायचा, मागं कॅलेंडरसुद्धा ठेवायचा नाही. शब्द अडला की गोठायचा, मग हळूच माइक बंद करून चॅटमध्ये लिहायचा: 'क्षमस्व, नेट गेलं.'

बायकोनं एकदा दारातून पाहिलं. "मेल्याचं सोंग घेता होय? फार छान जमतंय. मला वाटलं खरंच सुटले."

वर्गातली पोरं मात्र जीव टाकायची. काका, राउटर एकदा बंद करून चालू करा. काका, बाकीचे टॅब बंद करा, वेग वाढेल. काका, कॅमेरा बंद ठेवलात तर आवाज नीट येईल. बफरिंग, लॅग, सिग्नल, सर्व्हर हे शब्द तो पुस्तकातून कमी आणि या सहानुभूतीतून जास्त शिकला. नेट खराब असलेल्या माणसाची कुणी टिंगल करत नाही, हा शोध त्याला फार मोठा वाटला. लिहायला बसला की त्याचा हात सुटायचा. वेबसाइट आपली खूण लक्षात राहावी म्हणून जी चिठ्ठी आपल्याच कॉम्प्युटरवर ठेवून जाते ती कुकी, असं तो पोरांना लिहून समजवायचा, आणि पोरं अंगठे पाठवायची.

मग परीक्षेची सूचना आली. परीक्षा तोंडी होती. बाई वर्णन सांगणार, विद्यार्थ्यानं शब्द सांगायचा. पाच-पाच जणांना एकत्र बोलावणार, कॅमेरा चालू, पाठीमागं खोलीचं दार दिसलं पाहिजे, खोलीत दुसरं कुणी नको, बाहेरून आवाज आला तर परीक्षा रद्द.

धाकट्यानं सूचना पुन्हा पुन्हा वाचली. बायकोला 'घरचे' म्हणता येतं. ब्राउझरला दुसरं काय म्हणायचं? बँडविड्थला आडवाट कुठली? हे शब्द जसेच्या तसे होते, एकाला एक, घासूनपुसून बसवलेले. आणि त्यातले निम्मे ओठांचे. लेखी परीक्षा घ्याल का, असं त्यानं बाईंना लिहून विचारलं. त्यांचं उत्तर आलं, की नियम सगळ्यांना सारखा, आणि नेटची अडचण असेल तर शेजाऱ्यांचं घ्या.

परीक्षेच्या सकाळी थोरला फार उत्साहात होता. "घाम फुटेल तुला," असं म्हणत त्यानं आपल्या खोलीतला टेबलफॅन आणून धाकट्याच्या मागं दाराजवळ लावला. "आणि अडलास तर घाबरू नको. मी आहे बाहेर."

"त, तू न, नको," धाकटा म्हणाला.

"नको टेन्शन घेऊ, बरोबर," थोरला म्हणाला आणि दाराच्या पडद्याआड खुर्ची टाकून बसला. बायकोही येऊन पडद्यामागंच दाराच्या चौकटीला टेकली.

स्क्रीनवर चार चेहरे आणि बाई. पहिल्या तिघांची परीक्षा झाली. मग बाई म्हणाल्या, "काका, तुम्ही. सोपं विचारते. कुठलीही वेबसाइट उघडायला आपण जो प्रोग्रॅम वापरतो, त्याला काय म्हणतात?"

धाकट्यानं ओठ मिटले. ब्राउझर. शब्द आत पूर्ण तयार होता, अक्षर अन् अक्षर दिसत होतं. ओठ काही उघडेनात. आणि सरावानं शरीर आपोआप दगड झालं. मान तिरकी, नजर एका जागी.

"काकांचं नेट गेलं," एक मुलगी हळहळली.

"नाही मॅडम," दुसरा एक जण म्हणाला. "नेट आहे. काकांच्या मागचा पंखा फिरतोय."

सगळ्यांनी पाहिलं. पंखा मान वळवून इकडून तिकडे जात होता, दाराचा पडदा फुगत होता, आणि मध्ये एक माणूस डोळे ताणून बसला होता. मग कुणाचा तरी माइक चालू राहिला आणि हसणं ऐकू आलं. दाबून धरलेलं आणि मग दाबता न आलेलं.

"म्हणजे इतके दिवस," तोच मुलगा म्हणाला. "मी माझा जुना राउटर पाठवणार होतो यांना."

बाईंनी सगळ्यांचे माइक बंद केले. धाकट्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते रडूचं की पापणी न मिटल्याचं, हे त्यालाही कळलं नसेल. बाई कॅमेऱ्याच्या जरा जवळ आल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "काका, हललात तरी चालेल. मला कुठंही जायचं नाहीये. जेव्हा येईल तेव्हा सांगा. मी थांबते."

असं त्याला कुणी म्हटलं नव्हतं. त्यानं खांदे सैल सोडले. श्वास घेतला. ओठ पुन्हा मिटले, थरथरले, गालाची शीर ताणली. "ब," तो म्हणाला. बाईंनी मान हलवली. "ब, ब, ब्र." चौकटीला टेकलेली बायको सरळ उभी राहिली. "ब्र, ब्रा."

"बॅटरी," पडद्यामागून थोरला गरजला. "बॅटरी म्हणायचंय त्याला, मॅडम."

आणि तेवढ्यावर न थांबता पडदा सारून आत आला, धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवून कॅमेऱ्यासमोर वाकला. "नमस्कार. मी याचा मोठा भाऊ. लहानपणापासून असाच आहे तो. काय विचारायचं ते मला विचारा, मी त्याच्याकडून काढून देतो."

बाईंनी डोळे मिटून घेतले. "परीक्षेचं रेकॉर्डिंग चालू आहे," त्या म्हणाल्या. "बाहेरून मदत झाली. मला रद्द करावी लागेल."

"पण मी तर चुकीचं सांगितलं असणार. मग कॉपी कशी?"

"काका, सॉरी," बाई म्हणाल्या. त्या धाकट्याकडे बघत होत्या. "पुढच्या वेळी बसता येईल. बोलण्याची अडचण असेल तर अर्ज करून लेखीसुद्धा देता येते, मला आधी सांगायला हवं होतंत." आणि त्याची चौकट स्क्रीनवरून गेली.

थोरल्यानं पंखा बंद केला. "हट्टी बाई आहे," म्हणाला. "एवढं सांगून पण ऐकत नाही."

"भाऊजी, शब्द निघत होता त्यांचा," बायको म्हणाली. "तोंडावर आला होता."

"हो का? मग इतकी वर्षं कुठं होता तो शब्द?" थोरला म्हणाला आणि हसला. तीही मग हसली. विनोद बरा होता.

दुसऱ्या दिवशी धाकटा दुकानात गेला, तर त्यानं काही सांगायच्या आतच मालकानं हात वर केला. "राहू दे, राहू दे. तुझ्या भावाचा फोन आला होता. सगळं कळलं." काउंटरवरचा विक्रेता गिऱ्हाइकाला चष्मा घालून दाखवताना एकदम पुतळ्यासारखा थिजून उभा राहिला, डोळे ताणून. म्हणजे फोनवर तेही सांगून झालं होतं. मालक पोट धरून हसला. आठवड्याभरात डोळे तपासायच्या खोलीत बाहेरून एक मुलगी आणून बसवली.

धाकट्यानं मात्र बाईंचं शेवटचं वाक्य धरून ठेवलं होतं. अर्ज केला तर लेखी देता येते. ती कधीपासूनच देता येत होती. चार दिवस त्यानं ते मनात घोळवलं आणि पाचव्या दिवशी जेवताना बायकोनंच विषय काढला.

"मग? बसणार आहात का पुन्हा?"

धाकट्यानं घास खाली ठेवला. त्याला 'मी बसणार' म्हणायचं होतं. आडवाट नको होती. 'हो' म्हणूनही भागलं असतं, पण त्याला हेच शब्द हवे होते, ओठांचे. त्यानं ओठ मिटले. बायको हाताची घडी घालून बघू लागली.

"कसला बसतोय," थोरला बाजूनं म्हणाला. "मी परवाच नाव काढून टाकलं त्याचं. प्रवेशाला मोबाइल नंबर माझाच होता, ओटीपी माझ्याकडेच आला. उगाच चारचौघांत शोभा कशाला?"

"काढलं? बरं केलंत," बायको म्हणाली आणि ताटं उचलायला उठली.

"म," धाकटा म्हणाला. "मी."

थोरल्याचा फोन वाजला. तो कुठल्याशा जागेचा भाव सांगत अंगणात गेला. मोरीत नळ सोडल्याचा आवाज आला, भांडी आदळली. धाकटा पाटावरून हलला नाही. गालाची शीर ताणून तो पुढच्या शब्दावर जोर लावत राहिला, आणि शेवटी 'बसणार' निघालं, स्वच्छ, एकही अक्षर न तुटता. बायकोनं मोरीतून विचारलं, काही हवंय का. त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली असती. त्यानं मान हलवून नाही म्हटलं, पण तिची पाठ त्याच्याकडे होती.