धुराड्यातून आला, दारातून गेला

त्या चार मजली दुकानात सगळे तिला सूचनाबाई म्हणत. तिसऱ्या मजल्यावर, चादरींच्या विभागामागे तिची काचेची खोली होती. खोली कसली, खोकंच. त्यात एक माइक, एक खुर्ची, चहाची किटली आणि ती. "निळा स्वेटर घातलेला मुलगा तळमजल्यावर रडत आहे, त्याच्या आईने ताबडतोब यावे," असं ती म्हणाली की चारही मजल्यांवरच्या आया आधी आपापल्या हाताकडे बघत, पोर आहे ना म्हणून. आवाजच तसा होता. त्या आवाजापुढे शहाण्यासुरत्या माणसांनाही आपणच काहीतरी हरवून आलो आहोत असं वाटायचं.

डिसेंबर लागला की मात्र तिचं डोकं फिरायचं. दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत नाताळची गाणी लावायची, असा मॅनेजरचा हुकूम. त्याच त्या घंटा, तीच ती छुमछुम. प्रत्येक गाण्यात कुणालातरी बर्फ हवा असायचा आणि कुणाचातरी माणूस घरी यायला हवा असायचा. "येऊन काय दिवे लावणार आहे?" सूचनाबाई काचेला सांगायची. काचेपलीकडे चादरी ऐकायच्या.

आता तुम्ही म्हणाल, एवढा राग कशाचा? तर ऐका. तिचा नवरा याच दुकानात सोफे विकायचा. अकरा महिने सोफे, आणि डिसेंबरात सांता. पोट घरचंच होतं, हसणं गडगडाटी, आणि मुलं तर अशी चिकटायची की उठवता उठवत नसत. तळमजल्यावर मोठ्या झाडाशेजारी लाल खुर्चीत बसायचा. लोक त्याला सोफासम्राट म्हणत आणि त्यालाही ते पटलेलं होतं.

एका नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी तो बायकोला म्हणाला, "माळ्यावरची बॅग काढ गं. दुसऱ्या शाखेत नव्या वर्षाचा सेल लावायला जायचंय." त्याची पाठ दुखायची, पोरं उचलून उचलून. म्हणून बिचारी स्वतः स्टुलावर चढली, बॅग काढली, पुसली, सगळ्या शर्टांना इस्त्री केली, मोजे गुंडाळून बुटांत घातले. दुकानातून आल्यावर तो जेवायला बसला. तिने कोंबडी भाजली होती, बटाटे केले होते, केक केला होता. तो जेवला. "छान झालंय," म्हणाला आणि पुन्हा वाढून घेतलं. मग तोंड पुसून बॅग उचलली. तिने दारात उभं राहून सांगितलं, "जपून जा. पोचलात की फोन करा."

"फोन कशाला?" तो म्हणाला. "दोन गल्ल्या पलीकडे तर चाललोय."

दोन गल्ल्या पलीकडे अत्तराच्या काउंटरवरची बाई राहायची.

नवरा सोडून जातो, जगात होतं असं. तिने तेही पचवलं असतं. पण दुसऱ्यांदा वाढून घेतलेलं तिला पचेना. जायचं मनात असताना माणूस पुन्हा कसा वाढून घेतो? आणि छान झालंय म्हणतो? निर्लज्ज मेला! संसार होता तोवर ती त्याला अहो-जाहो करायची. त्या दिवसापासून मनातल्या मनात अरे-तुरेवर आली, आणि तेही चांगल्या दिवशी.

पुढच्या डिसेंबरात त्याच खोक्यात बसून, त्या छुमछुमीच्या खाली, तिने स्वतःचं एक गाणं रचलं. एक ओळ आज, एक उद्या. कुणाला ऐकवायचं नव्हतंच. कप विसळताना गुणगुणायची, तेवढंच काळजाला बरं वाटायचं.

धुराड्यातून आला, दारातून गेला,
जाता जाता सगळा केक खाऊन गेला.
झाडाखाली ठेवलं काय? रिकामं खोकं,
दोरी त्याची सोडता सोडता फिरलं माझं डोकं!

आता झालं काय, की दुकानाच्या इलेक्ट्रिशियनने किटलीचं बटण माइकच्या बटणाशेजारीच बसवलेलं. दोन्ही काळी, दोन्ही सारखी. "एक दिवस घोळ होईल," असं तिने त्याला बजावलंही होतं. आणि घोळ तिनेच केला. ऐन गर्दीच्या दुपारी किटली बंद करायला गेली आणि माइक चालू करून बसली. मग पाठ वळवून कप विसळायला लागली, आणि एकटीच आहोत म्हणून गळा मोकळा सोडून गायली. चारही मजल्यांवर.

खाली गाण्यांची तबकडी संपलेली होती. त्यामुळे शब्दन् शब्द ऐकू गेला.

कळलं तेव्हा ती पांढरीफटक पडली, पण क्षणभरच. पुढच्या क्षणी तिला वाटलं, बरं झालं! ऐकलं असेल त्याने. खाली खुर्चीत बसलाय, मांडीवर कुणाचंतरी पोर आहे, आणि भर दुकानात त्याचं पितळ उघडं पडलंय. आता येईल वर, लाल डगल्याहून लाल होऊन. ती दाराकडे तोंड करून वाट बघत बसली.

आला तो मॅनेजर. नाचत आला. "बाई! काय गाणं आहे! पोरं उड्या मारतायत! अजून एकदा म्हणा!"

"आणि सांता?" तिने विचारलं.

"सांता तर सगळ्यांच्या आधी नाचायला लागला!"

करायला गेली एक आणि झालं भलतंच. लोकांना वाटलं, हे गाणं सांतावरच आहे. येतो, केक खातो, खोकं ठेवतो, जातो. गंमत! त्या वर्षीपासून प्रथाच पडली. नाताळच्या आदल्या संध्याकाळी, दुकान बंद व्हायच्या आधी, सूचनाबाईने ते गाणं म्हणायचं आणि खाली सांताने पोट हलवत नाचायचं. मग शहरातल्या एका बँडने ते उचललं, जोरात केलं, त्याला घंटा लावल्या. तिच्या गाण्याला घंटा! शाळेतल्या मुलांनी कापसाच्या दाढ्या लावून त्यावर नाच बसवला. केकच्या दुकानातून, न्हाव्याच्या रेडिओतून, शेजारणीच्या खिडकीतून तेच. जिथे जावं तिथे तिचीच जखम टाळ्या वाजवत समोर यायची.

आणि त्याला काय झालं? त्याला प्रसिद्धी झाली. त्या पोट हलवण्याचं नावच पडलं, सोफा-स्टेप. लांबून लांबून लोक पोरांना घेऊन यायचे. अत्तरवाली कौतुकाने बाजूला उभी राहून फोटो काढायची. शिव्या द्याव्यात आणि त्याने त्या हारासारख्या गळ्यात घालून मिरवाव्यात, तसं झालं. सूचनाबाई दर वर्षी गायची, दातओठ खात गायची. लोक म्हणायचे, बाईंच्या आवाजात काय जोर आहे!

अशी वर्षं गेली. यंदाचा तिचा शेवटचा डिसेंबर होता, नव्या वर्षात ती निवृत्त होणार होती. तेव्हा तिने ठरवलं.

तिची धाकटी बहीण त्याच दुकानाच्या तळघरात कपडे लहानमोठे करून द्यायची. सांताच्या तुमानीची कंबर दर वर्षी तीच वाढवायची. नाताळच्या आदल्या सकाळी सूचनाबाई तिच्याकडे आली आणि शिलाई मशीनवर हात ठेवून म्हणाली, "आज मी खाली जाऊन गाणार. त्याच्या समोर उभी राहून. घंटा नाहीत, बँड नाही. सावकाश म्हणणार. आणि शेवटचं कडवं म्हणणार, जे आजवर कुणालाच ऐकवलं नाही."

धाकटीने तोंडातल्या टाचण्या काढल्या. "ताई, सोड ना गं आता. म्हातारा झाला तो. तुमानीचं कापड पुरत नाही मला."

"सोडलं असतं. एकदा जरी मान खाली घातली असती ना त्याने, तर त्याच दिवशी सोडलं असतं. पण तो माझ्या गाण्यावर नाचतो गं! माझ्या!"

"आणि कळलं त्याला, तर काय होईल?"

"तोंड उतरेल त्याचं. मला ते बघायचंय. दुसरं काही नको मला या दुकानाकडून, फुलं नको, शाल नको, घड्याळ नको. त्याचं उतरलेलं तोंड हवंय."

धाकटीने पुन्हा टाचण्या तोंडात धरल्या. तिच्या ताईला एकदा सांगून ऐकू आलं नाही की पुन्हा सांगण्यात अर्थ नसायचा.

संध्याकाळी सूचनाबाई हातातला माइक घेऊन जिना उतरली. आवाज ओळखणाऱ्या लोकांनी ही बाई कधी पाहिलीच नव्हती. "अगं बाई, ह्या होय!" असं कुणीतरी म्हणालं. ती झाडाशेजारी, लाल खुर्चीच्या अगदी समोर उभी राहिली. सांताने सवयीने पोटावर हात ठेवले, नाचायच्या तयारीने. तिने सुरुवात केली आणि ते हात तसेच राहिले, कारण या चालीवर कुणाच्या बापाला नाचता आलं नसतं. पोरांनी एक-दोन उड्या मारून बघितल्या, मग तीही थांबली. आणि मग ती शेवटच्या कडव्याला आली.

इस्त्री केली मी, बॅग भरली मी,
जपून जा म्हणत दारात उभी मी.
छान झालंय म्हणाला, दोनदा जेवून गेला,
धुराड्यातून आला, दारातून गेला.

कुणी टाळी वाजवली नाही. हातमोज्यांच्या काउंटरवरची पोरगी ओठ चावून रडत होती. मॅनेजर कधी छताकडे, कधी बुटांकडे बघत होता. आणि सूचनाबाई बघत होती फक्त एकाच तोंडाकडे. पण त्या तोंडावर सगळी कापसाची दाढी! डोळ्यांतून मात्र पाणी वाहत होतं. लागलं, ती मनात म्हणाली. लागलं बाई एकदाचं!

ती मागच्या बोळात गेली, जिथे रिकामी खोकी रचून ठेवत. दोन मिनिटांत तो आलाच मागून. दाढी काढून हातात घेतलेली. इतक्या वर्षांनी तो तोंड नीट दिसेल इतका तिच्या जवळ उभा होता, आणि ते तोंड उतरलेलं नव्हतं. चांगलं फुललेलं होतं.

"रडवलंस गं मला," तो म्हणाला.

"कळलं तर तुला."

"न कळायला काय झालं? पहिल्या दिवसापासून माहीत होतं मला. माझ्यावर गाणं केलंय म्हणून."

तिला धरायला काहीतरी हवं झालं. तिने एका खोक्यावर हात टेकला. "माहीत होतं? आणि नाचायचास?"

"मग! आनंद व्हायचा. म्हणायचो, बघा, अजून विसरली नाही. तेव्हा तूच बॅग भरून दिलीस ना, मी समजलो, हिलाच सुटका हवी असेल. गाणं ऐकलं आणि कळलं, पस्तावलीस." त्याने तिच्या खांद्यावर थोपटलं. सांता पोरांना थोपटतो ना, तसंच. "मनाला लावून घेऊ नकोस आता. मी तुला केव्हाच माफ केलंय."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच! माफ केलंय म्हणे! तिच्या जिभेवर होतं नव्हतं ते सगळं आलं. इतक्या वर्षांचं साठवलेलं, दर डिसेंबरात धार लावलेलं. पण त्याच्या तोंडाकडे बघताना तिच्या लक्षात आलं, की हे सगळं मी ओरडून सांगितलं तर हा तेही जपून ठेवील. ह्याला वाटेल, अजून एक कडवं झालं. म्हणून तिने श्वास घेतला आणि आपला कामाचा आवाज लावला, हरवल्या-सापडल्याचा.

"गैरसमज झालाय तुझा. ते गाणं तुझ्यावर नाही."

"म्हणजे?"

"तुझ्या आधी एक होता. लग्नाच्या आधी. त्याचीही बॅग मीच भरून दिली होती. तो गेला ते लागलं मला, आयुष्यभर लागलं. तू गेलास तोवर मला सवय झालेली. म्हणून तर तुझी बॅग इतकी नीट भरता आली."

"अगं पण... ते दोनदा जेवला ते? छान झालंय म्हणाला ते?"

"तो म्हणायचा तसं." तिने कपाळाला आठी घातली, आठवून बघत असल्यासारखी. "तूही घेतलं होतंस का दुसऱ्यांदा? माझ्या नाही लक्षात."

आणि उतरलं. आधी गाल, मग हनुवटी, मग ते सगळं सम्राटपणच खाली आलं. हातातली दाढी लोंबायला लागली. एक म्हातारा, लाल कपड्यातला, ज्याच्यावर कुणीच कधी गाणं केलं नव्हतं. सूचनाबाईने ते पोटभर बघितलं. मनापासून, अगदी आतून आनंद झाला तिला. खोटं कशाला बोला?

वरच्या खोक्यातलं सामान आवरून ती तळघरात आली, तेव्हा धाकटी मशीनवरचा एक दिवा ठेवून बाकीचे घालवून थांबली होती. ताईला बघताच तिने विचारलं, "अगं, तो आत्ता इथे येऊन गेला. विचारत होता, कोण होता तो पहिला, काय करायचा, दिसायला कसा होता. मॅनेजरलाही विचारलं म्हणे. वर पोरं नाचा नाचा म्हणून ओरडतायत आणि हा उभाच. ताई, खरंच होता का गं कुणी?"

"छे. कुठला?"

धाकटी हसायला लागली. मग तिने ताईचं तोंड बघितलं आणि थांबली. "आता काय झालं? मिळालं ना तुला हवं ते?"

"मिळालं." सूचनाबाई शिलाईच्या स्टुलावर बसली आणि इतकी वर्षं कुणासमोर न रडलेली बाई पदराने तोंड झाकून रडायला लागली. "पण माझ्या दुःखाचं तेवढं एक गाणं होतं गं माझ्याकडे. ते कुणाचं म्हणून विचारलं तर जो कधी नव्हताच त्या माणसाचं नाव घ्यावं लागणार मला आता."

"मग सांग जा ना त्याला खरं. अजून वर आहे तो."

"मेले तरी नाही," सूचनाबाई म्हणाली आणि तशीच रडत राहिली.