साक्षीबाई

तिला साक्षीबाई हे नाव मी ठेवलं. तिचं खरं नाव चांगलं गोड आहे, पण ते माझ्या तोंडून निघत नाही. आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहते, धुलाईच्या मोठ्या कारखान्यात काम करते आणि चर्चच्या बायकांच्या मंडळात असते. ईस्टर जवळ आला की हातात कार्डांचा गठ्ठा घेऊन तिचं जिना चढणं-उतरणं सुरू होतं. माझं कपडे दुरुस्तीचं दुकान जिन्याखालीच आहे. त्यामुळे कोणी तिच्या तोंडावर दार लावलं आणि कोणी नुसतं आतून ओरडून हाकललं, हे मला बसल्या जागी ऐकू येतं.

न ऐकू यायला काय झालं? यंत्रांच्या धडधडाटात पंचवीस वर्षं काढलेली बाई, तिला हळू बोलणं म्हणजे काय ते ठाऊकच नाही. "प्रभू उठला आहे!" ती दारात उभी राहून सांगते, ते चार घरांना एकदम ऐकू जातं. पहिल्या मजल्यावरचे निवृत्त ड्रायव्हर दुपारी झोपलेले असतात. ते आतून ओरडतात, "तो उठला ते ठीक, मला कशाला उठवलंस?" त्यांच्यासमोरची शिक्षिका दाराच्या भिंगातून बघते आणि घरात कोणी नाही असं भासवायला श्वास रोखून उभी राहते. साक्षीबाईला सगळं कळतं. ती कार्ड दाराखालून आत सरकवते आणि पुढच्या दाराची बेल वाजवते. माझ्या दुकानात टाकलेल्या कार्डांवर मी रंगीत दोरे गुंडाळून ठेवते. चांगला जाड पुठ्ठा असतो, उगाच खोटं कशाला बोलू.

लोक तिला वेडी म्हणतात. मी म्हणत नाही, कारण वेडी माणसं मला आवडतात. तिच्यावरचा माझा राग वेगळा होता आणि त्याला कारण होतं.

माझा नवरा आणि ती एकाच चादरीच्या दोन टोकांना काम करायचे. धुलाईत एक मोठी इस्त्री आहे. इस्त्री म्हणजे आपल्या घरातली नव्हे, खोलीएवढी रुंद, तापलेल्या रुळांची. दवाखान्यांच्या, हॉटेलांच्या चादरी त्यातून जातात. दोघांनी दोन कोपरे धरायचे, ताणायचे, काठ रुळाच्या तोंडाशी आणायचा आणि एकाच वेळी सोडायचा. एकाने आधी सोडलं तर चादर तिरकी जाते. नवरा म्हणायचा, ताईंबरोबर काम करताना मोजावं लागत नाही, त्यांचा हात मला कळतो. त्या दिवसांत मीही तिला ताईच म्हणत होते. तिचा नवरा वारला तेव्हा तिच्या मुलीचे शाळेचे कपडे मी शिवून दिले होते.

त्या रुळांच्या तोंडाशी एक आडवी दांडी असते. चुकून हात पुढे गेला की दांडीला लागतो आणि यंत्र जागच्या जागी थांबतं. पण जाड काठाची चादर आली तरी दांडी दबायची, पाळीत दहा वेळा यंत्र बंद पडायचं आणि काम तुंबायचं. चार वर्षांपूर्वी एका सकाळी ती दांडी कोणीतरी तारेने वर बांधून टाकली. तासाभरात माझ्या नवऱ्याच्या उजव्या हाताची चार बोटं रुळात गेली.

चौकशीला सरकारी कचेरीतले दोन साहेब आले. धुलाईचा मुकादम म्हणाला, यानेच बांधली असणार, याला नेहमी घाई असते. नवऱ्याच्या अॅप्रनच्या खिशात तारेचे तुकडे सापडले. गठ्ठ्यांना चिठ्ठ्या बांधायला तार सगळ्यांच्याच खिशात असते, पण ते कोण विचारतो? मग साहेबांनी तिला विचारलं. समोरासमोर उभी असायची ती. दांडी कोणी बांधली हे तिने पाहिलेलं असणारच. तिने कानावर हात ठेवले. म्हणाली, "माझं लक्ष नव्हतं. मी चादरीकडे बघत होते." एरवी अख्खी इमारत उठवणारी बाई, तिथे मूग गिळून बसली. का, ते सांगायला ज्योतिषी नको. तिला कामावर लावणारा मुकादमच. तिच्या मुलीचा बाप्तिस्मा झाला तेव्हा धर्मपिता म्हणून उभा राहिलेलाही तोच. चर्चच्या समितीचा प्रमुख, रविवारी पांढराशुभ्र शर्ट घालून पहिल्या बाकावर. कागदावर लिहिलं गेलं, कामगाराचा स्वतःचा निष्काळजीपणा.

बोटं गेली त्याचं नवऱ्याने फारसं मनाला लावून घेतलं नाही. माझ्या दुकानात बसून डाव्या हाताने शिवण उसवायला शिकला. त्याला पोखरलं ते त्या कागदाने. त्या सकाळचं त्याला काही धड आठवत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, धक्क्याने असं होतं. मग तो स्वतःलाच विचारू लागला. दाराची कडी लावली का, हे तीनदा बघायचा. गॅस चारदा. आणि रात्री जेवता जेवता मध्येच घास थांबवून म्हणायचा, "मीच बांधली असेल का गं?" मी म्हणायचे, "जेव गुपचूप." एकदा तो पाचव्यांदा गॅस बघायला उठला आणि माझं डोकं फिरलं. "तेव्हा एकदा बघितलं असतंस तर," असं मी बोलून गेले. भांडणात माणूस काय काय बोलतं. मी ते विसरूनही गेले.

तर, गेल्या वर्षी चर्चला नवे फादर आले. तरुण, उत्साही, सायकलवरून फिरणारे. त्यांनी ईस्टरआधीच्या उपवासकाळात जाहीर केलं की या वर्षी नुसती कार्डं वाटायची नाहीत. प्रत्येकाने प्रभूने आपल्यासाठी काय केलं त्याची साक्ष द्यायची, शेजाऱ्यापाजाऱ्यांना आणि शेवटी ईस्टरच्या दिवशी मिस्साची प्रार्थना झाल्यावर चर्चच्या हॉलमध्ये, सगळ्यांसमोर. साक्षीबाई नव्या हुरुपाने माझ्या दुकानात आली. नवरा स्टुलावर बसून एका कोटाचं अस्तर उसवत होता.

"वहिनी, रागावू नका," ती म्हणाली, "पण या वर्षी मला तुमच्याकडे साक्ष द्यायची आहे."

मी मशीन थांबवलं. "कसली साक्ष?"

"म्हणजे आपण डोळ्यांनी जे पाहिलं, मनाने अनुभवलं, ते दुसऱ्याला..."

"डोळ्यांनी पाहिलेलं?" मी उठले. त्या दिवशी मी तिला पहिल्यांदा अगंतुगं केलं. "तू देणार साक्ष? दोन हजार वर्षांपूर्वीचं थडगं रिकामं होतं म्हणून घरोघर सांगत फिरतेस. तिथे तू नव्हतीस! आणि जिथे होतीस, चादरीचं दुसरं टोक धरून उभी होतीस, तिथे तुला काही दिसलं नाही! लोका सांगे ब्रह्मज्ञान! चल, चालती हो इथून."

ती हलली नाही. शिव्या खायची तिला सवय होती. हलली ती नवऱ्याच्या बोलण्याने. तो मान वर न करता म्हणाला, "सोड ना त्यांना. माझं मलाच आठवत नाही, तर त्यांना काय दिसणार? बहुतेक मीच बांधली तार. जाऊ द्या ताई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

तिचा चेहरा पांढरा पडला. तिला वाटलं असणार की निदान या माणसाला तरी खरं माहीत आहे, तो मनातल्या मनात मुकादमाला शिव्या देत असेल, तिलाही देत असेल. तो स्वतःलाच देतोय, हे तिला आत्ता कळत होतं. कार्डं तिथेच टेबलावर टाकून ती निघून गेली.

त्यानंतर आठवडाभर जिन्यात तिचा आवाज नाही. ड्रायव्हरसाहेबांनी मला विचारलंसुद्धा, "आजारी आहे का ती?" ईस्टरच्या आदल्या दिवशी दुपारी ती आली. दुकानात पाय टाकला नाही, उंबऱ्याबाहेरून म्हणाली, "उद्या हॉलमध्ये मी साक्ष देणार आहे. दादांना घेऊन या." आणि आश्चर्य म्हणजे, हळू आवाजात म्हणाली.

मी म्हटलं, माझं अडलंय खेटर. पण नवरा म्हणाला, "जाऊ या. बोलावलंय तर जाऊ." तिच्या फजितीला टाळ्या वाजवू, असं मनाशी ठरवून मी गेले.

हॉल खच्चून भरला होता. दाराशी चहाची टाकी, फुलांचे हार, लहान मुलांचा दंगा. लोक एकमेकांना "प्रभू उठला आहे" म्हणत होते आणि आमच्यापाशी आले की नुसतं हसत होते. आम्हाला काय म्हणावं हे त्यांना कळत नसावं. माईक मुकादमाच्या ताब्यात. आम्हाला पाहून त्याने लांबूनच हात जोडले, जणू आम्ही त्याच्या घरच्या कार्याला आलो होतो.

आधी एका आजोबांनी आपला गुडघा कसा बरा झाला ते सांगितलं. टाळ्या पडल्या. मग एका जोडप्याने मूल झाल्याचं सांगितलं. मूल मध्येच रडायला लागलं, आणखी टाळ्या. मग फादरांनी यादीतून तिचं नाव वाचलं. नंतर मला कळलं की तिने फादरांकडे जाऊन फक्त एवढंच सांगितलं होतं, "मला साक्ष द्यायची आहे." फादर खूश होऊन म्हणाले, "वा ताई, तुम्ही तर द्यायलाच हवी," आणि नाव लिहून घेतलं. त्या माणसाचा काय दोष? त्यांच्या तोंडी तो शब्द दिवसभर असतो.

ती उभी राहिली. मुकादमाने हसत हसत माईक तिच्या तोंडापाशी नेऊन धरला.

"तीन वर्षांपूर्वी मोठ्या इस्त्रीवर अपघात झाला, सगळ्यांना माहीत आहे," ती म्हणाली. "दांडी मुकादमांनी बांधली होती."

माईक बंद झाला. पण धुलाईतल्या बाईला माईक लागत नाही.

"सकाळी, पाळी सुरू व्हायच्या आधी. माझ्यासमोर. मी म्हटलं, नका बांधू. ते म्हणाले, आज माल जास्त आहे. दादा तेव्हा अजून कपडे बदलून यायचे होते. त्यांनी त्या तारेला हातही लावला नव्हता. चौकशीत मी म्हटलं, माझं लक्ष नव्हतं. ते खोटं होतं. माझं लक्ष होतं."

फादर अर्धवट उठले. "ताई, हे बोलायची ही जागा..."

"तुम्हीच म्हणालात ना फादर, डोळ्यांनी पाहिलेलं सांगा. मी हे पाहिलंय." आणि ती खाली बसली.

टाळी वाजली नाही. पहिल्या बाकावरची एक बाई मोठ्याने म्हणाली, "आजच्या दिवशी! प्रभूच्या घरात!" दुसरीने तिला दुजोरा दिला. मुकादम माईकची वायर गुंडाळत राहिला, सावकाश, कोपरापासून पंजापर्यंत. मला आनंद झाला असं तुम्हाला वाटेल. मला तिची मान मुरगाळावीशी वाटली. तीन वर्षं! वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

आता तिचं काय झालं तेही सांगते. दुसऱ्या दिवशी तिने साहेबांच्या कचेरीत जाऊन तेच सगळं लेखी दिलं. फाइल पुन्हा उघडली म्हणतात. फायलींचं मला कौतुक नाही. मुकादम अजून मुकादमच आहे आणि तिला त्याने मळक्या कपड्यांच्या खोलीत पाठवलं, जिथे दवाखान्याच्या चादरी येतात, रक्ताच्या, नको त्या गोष्टींच्या. मंडळातल्या बायका तिच्या शेजारची खुर्ची रिकामी सोडून बसतात. धर्मपिता तिच्या मुलीशी बोलत नाही. या ईस्टरलाही ती कार्डं घेऊन फिरली. आता दारं आणखी जोरात आपटतात, कारण आता चर्चची माणसंही आपटतात. मला कधीकधी तिची दया येते. मग मी ती तीन वर्षं आठवते आणि बरी होते.

पण ते सगळं नंतरचं. त्या दिवशी हॉलमधून आम्ही चालत घरी निघालो. रस्ताभर माझ्या तोंडाचा पट्टा चालू होता. मुकादमाला सोडलं नाही, साहेबांना सोडलं नाही, तिला तर नाहीच. उद्याच्या उद्या कचेरीत जाऊ, त्याला खडी फोडायला पाठवू, असं काय काय मी बोलत होते. नवरा उजवा हात खिशात घालून गप्प चालत होता. मला वाटलं, आनंदाने बोलवत नसेल. इमारतीच्या फाटकाशी तो थांबला.

"तुझा बसला का आता विश्वास?" त्याने विचारलं.

"माझा? म्हणजे काय? माझा होताच की!"

"नव्हता," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. गॅस बंद आहे का विचारावं तसा साधा आवाज. "तीन वर्षं मी तुला विचारत होतो. 'तू बांधली नाहीस' असं तू मला एकदाही म्हणाली नाहीस."

जेव गुपचूप म्हटलं होतं. झोप आता म्हटलं होतं. मुकादमाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता, तिला नावं ठेवली होती, साहेबांना शाप दिले होते. तो जिना चढायला लागला. मी मागून हाक मारली आणि ते वाक्य म्हणायला तोंड उघडलं. पण आता ते म्हणून काय उपयोग होता? आता ते सगळ्या हॉलला माहीत झालं होतं.