दार गुलाबजामच्या अंगणात

माझ्या मोबाईल रिपेअरिंगच्या दुकानात जुने चार्जर साचतात, तसेच किस्सेही साचतात. कुणी मुद्दाम ठेवून जात नाही, न्यायलाही कुणी येत नाही, आणि एक ओढला की त्यात गुंतलेले चार बाहेर येतात! आता तुमी ताडकळसला आलातच आणि चहाही मागवलाय, तर ऐका.

आमी एक ऑनलाइन गेम खेळतो. आपापलं एक पात्र घ्यायचं, मोकळ्या माळावर घरं बांधायची, माणसं वसवायची. वस्ती वाढली की गाव, गाव वाढलं की शहर, आणि घरं ओस पडली की सगळं परत माळ. आमच्या गावाचं नाव ‘मोठं ताडकळस’. खऱ्यापेक्षा मोठं करून दाखवायचं म्हणून! प्लॉट वाटायचं काम माझ्याकडं, म्हणजे मी तिथला तलाठीच समजा.

आणि तिथंच मी माती खाल्ली. येईल त्याला पुढचा प्लॉट देत गेलो. ‘गुलाबजाम’च्या शेजारी ‘तुफान’ आला. खेळात सगळे एकमेकांना पात्राच्या नावानंच ओळखतात. पण या दोघांच्या फोनमध्ये गेम मीच टाकून दिलेला, म्हणून मला एकट्याला माहीत. गुलाबजाम म्हणजे नामदेव, तुफान म्हणजे उत्तम. चुलतभाऊ! ताडकळसात भिंतीला भिंत लागून घरं, लहानपणी एका ताटात जेवलेले, आणि शेताच्या बांधावरून असं बिनसलं की दोन अंगणांमधलं जुनं दार विटा लावून बुजवून टाकलं. माझ्या दुकानात एक बसलेला दिसला की दुसरा बाहेरच्या बाहेर परत जायचा.

हे माझ्या ध्यानात आलं तोवर दोघांची घरं उभी राहिली होती. खेळातलं गाव गेलं तर गेलं, पण हे फुटलं तर खऱ्या गावात काठ्या निघणार!

*

सुरुवातीला आमच्या वस्तीकडं कुत्रं फिरकत नव्हतं. शेजारच्या लोकांनी बुरूज बांधले, खंदक खणले. आमच्यात बालाजी म्हणून एक आहे, गंगाखेडच्या बाजूला उसाचा ट्रॅक्टर चालवतो. तो म्हणाला, “बुरूज बघून माणूस पुढं निघून जातंय. चहा दिसला की थांबतंय!”

झालं! आमी कडुलिंबाचं झाड लावलं, त्याला पार बांधला, शेजारी चहाचं हॉटेल टाकलं. पारावर बसलं की पात्राची ताकद भरून येते, असा गेमचाच नियम. वाटसरू बसायचे, गप्पा हाणायचे आणि उठताना विचारायचे, “इथं प्लॉट भेटंल का?”

बाकीच्यांची गावं तलवारीवर वाढली, आमचं चहावर!

*

मग बाजार आला. गेममधलं मार्केट कायम उघडं असतं. पण आमच्या लोकांना ते पटेचना. रोज उघडा असतो तो कसला बाजार? मग आठवड्यातून एकच दिवस ठरवला, बाकी दिवस कुलूप.

एक परदेशी पात्र ढाल घ्यायला आलं आणि बंद दारापुढं उभं राहिलं. बालाजीनं त्याला आपल्या इंग्लिशमध्ये लिहिलं, “टुडे नो बाजार. बाजार डे कम. ब्रिंग बॅग.”

पठ्ठ्या बाजाराच्या दिवशी खरंच आला, आणि सोबत सगळी टोळी घेऊन आला. एवढी गर्दी झाली की गेमच हँग झाला! पुढं त्यातल्या बऱ्याच जणांनी आमच्याकडंच घरं बांधली. त्यांचं म्हणणं, सारखं यायचं-जायचं कशाला.

*

एकदा एका टोळीनं आमच्यावर हल्ला केला. आता आमच्याकडं ना भिंत, ना फौज. फौज म्हणायची तर मनीषा मॅडम. शाळेत शिक्षिका, आणि गेममध्ये आमच्या स्वयंपाकघराच्या प्रमुख. त्यांनी नेमकी तेव्हाच गावजेवणाची पंगत मांडलेली.

गेममध्ये असं आहे, की ज्याचं अन्न खाल्लं त्याच्यावर त्या दिवशी हत्यार उचलता येत नाही. मॅडमना हा नियम अजिबात माहीत नव्हता. दारात माणसं आली एवढंच त्यांनी बघितलं आणि लिहिलं, “चपला काढा, ओळीनं बसा. भांडण जेवल्यावर!”

शाळेचा आवाज तो, लिहिलेलाही ऐकू येतो. तलवारी घेऊन आलेले निमूट ओळीनं बसले, जेवले, आणि मग त्यांना तलवारच उचलता येईना! टोळीचा म्होरक्या दुसऱ्या दिवशी परत आला तो प्लॉट मागायला.

*

बालाजीचं तर काय सांगावं. नवीन लग्न झालेलं, पहिल्यांदाच सासरी पेडगावला मुक्कामी गेलेला. फोन चार्जिंगला लावून हा हातपाय धुवायला गेला. गेममध्ये घर सुखात असलं की तिथं आपोआप लेकरू जन्माला येतं. नेमका तेव्हाच फोन वाजला. सासऱ्यानं चष्मा लावला आणि सगळ्यांपुढं मोठ्यानं वाचलं, “अभिनंदन! तुमच्या घरी मुलगी जन्मली आहे!”

बायको रडायला लागली, सासूनं डोक्याला हात लावला. बालाजी ओल्या पायानं धावत आला आणि गेम उघडून सगळ्यांना घर दाखवलं, अंगण दाखवलं, पाळणा दाखवला. सासऱ्यांनी चष्मा पुसून पाळणा परत एकदा बघितला. मग म्हणाले, “बरं, नाव काय ठेवायलेत?”

*

आता परत आपल्या दोन वाघांकडं येऊ. गेममध्ये घराला एकच दार मिळतं. शहाणा माणूस ते रस्त्याकडं ठेवतो. तुफाननं ते काढलं थेट गुलाबजामच्या अंगणात! बाहेर पडायचं तर दर वेळी गुलाबजामच्या तुळशीला वळसा घालून. सगळ्यांनी त्याची टर उडवली. “रस्त्यावर काय उधारीवाले उभे हायेत का रे?” तुफाननं दार काही हलवलं नाही. आणि गुलाबजामनं काय करावं? खऱ्या शेतात बोटभर बांधासाठी इरेला पेटणारा हा माणूस, त्यानं आपली तुळस उचलून बाजूला लावली आणि लिहिलं, “जा बाबा आरामात. जागा कुठं कुणी वर नेतंय!”

वाचून मला हसावं का रडावं कळेना.

पुढं नामदेवची आई आजारी पडली, परभणीला दवाखान्यात ठेवली. गुलाबजामनं गेममध्ये एवढंच लिहिलं की आई दवाखान्यात आहे, काही दिवस येणं जमणार नाही. तर तुफान रोज त्याच्या अंगणात दिवा लावायचा आणि निरोप ठेवायचा, “आईला कसं हाय?” घर ओस पडू दिलं नाही पठ्ठ्यानं! आणि ती आई कोण? उत्तमची सख्खी काकू. मी ते निरोप वाचायचो आणि दुकानात एकटाच डोळे पुसायचो. गिऱ्हाइकाला सांगायचो, सोल्डरिंगचा धूर गेला.

*

या हिवाळ्यात काकू बऱ्या होऊन घरी आल्या. आणि त्याच आठवड्यात बालाजीच्या सासऱ्यानं फर्मान काढलं, “आमच्या नातीच्या गावची सगळी माणसं पेडगावला हुरड्याला आली पाह्यजेत!”

मी लय फाटे फोडले. थंडी आहे, एसटी वेळेवर नसते, ज्वारीचा दाणा अजून भरला नाही. कुणी ऐकलं नाही.

हुरडा भाजायला शेतात आगटी पेटली. नामदेव आधीच येऊन बसलेला. मागून उत्तमची मोटरसायकल आली. दोघांनी एकमेकांना पाहिलं आणि माना फिरवल्या. उत्तम आगटीच्या पलीकडं जाऊन बसला. ताडकळसची माणसं उगाच आगटीत काड्या सारायला लागली. मनीषा मॅडमना काही ठाऊक नाही, त्या आपल्या चटणी वाढायलेल्या.

तेवढ्यात सासरे म्हणाले, “एकेकानं खेळातलं नाव सांगा रे, म्हंजे कोण कोण हाय ते कळंल!”

माझ्या हातातलं कणीस राखेत पडलं.

“गुलाबजाम,” नामदेव म्हणाला. एवढा मिशीवाला गडी, सगळे पोट धरून हसले. फक्त उत्तम हसला नाही. तो खाली मान घालून गरम कणीस तळहातावर चोळत होता.

“आन तुमी हो?” सासऱ्यांनी त्याला विचारलं.

“तुफान.”

नामदेवचा घास हातातच राहिला. काठ्या कुठं दिसतात का म्हणून मी इकडंतिकडं नजर फिरवली. शेवटी नामदेवच बोलला. आवाज चढलेला नव्हता.

“उत्तम, रस्ता सोडून दार माझ्या अंगणात कशाला काढलंस रं?”

उत्तमनं तळहातावरचा भुसा फुंकला, मूठभर हुरडा आगटीवरून त्याच्यापुढं धरला आणि म्हणाला, “दादा, आपलं दार पयल्यापासून तिथंच व्हतं की!”