प्रगतीसाठी मागे सरका

माझ्या नावामागे आयुष्यात एकच पदवी लागली आणि तीही आजाराने मिळवून दिली: अनुभवतज्ज्ञ. सगळी नोकरी शाळेत भूगोल शिकवण्यात गेली, पण तज्ज्ञ म्हणून मला कुणी कधी खुर्ची दिली नाही. मूडचा आजार जडला, वर्षानुवर्षं गोळ्या गिळल्या, दोनदा दवाखान्यात राहून आलो आणि निवृत्तीनंतर अचानक माझा भाव वधारला. सरकारी डॉक्टर आणि आरोग्य अधिकारी यांना मानसिक आरोग्याचं धोरण आणि सेवा शिकवायच्या, तर एखाद्या रुग्णाचंही ऐकवावं, असं वर कुणीतरी ठरवलं होतं. ऐकण्यासाठी वीस मिनिटं राखलेली असत, चहा आणि गटचर्चेच्या मध्ये.

आजार साधा आहे. कधी मन तळाला जातं आणि अंथरुणातून उठणं होत नाही, कधी एवढं वर जातं की जगातले सगळे प्रश्न मीच सोडवणार असं वाटतं. एकदा अशाच वरच्या मुक्कामी असताना आमच्या बडोद्यातल्या विश्वामित्री नदीचं पात्र वळवण्याची योजना घेऊन मी एका कचेरीत गेलो होतो. तिथल्या साहेबांनी ती मन लावून ऐकली, नकाशा ठेवून घेतला आणि पुढच्या आठवड्यात यायला सांगितलं. तेव्हा दोघांपैकी आजारी कोण, हे मला अजून नीट कळलेलं नाही.

हा किस्सा मी प्रत्येक प्रशिक्षणात सांगतो. लोक हसतात. संयोजकाला मात्र तो आवडत नाही. संयोजक म्हणजे एक उत्साही गुजराती तरुण, गळ्यात ओळखपत्र, काखेत लॅपटॉप. तो मनाने चांगला आहे, पण दर वेळी मला बाजूला घेऊन हळूच सांगतो, "काका, थोडुं दुःख वधारो ने." माझं दुःख त्याला कमी पडतं. रुग्ण हसवायला लागला तर टाळ्या येतात, पण फोटोत डोळे ओले दिसत नाहीत.

तर गेल्या हिवाळ्यात असंच एक प्रशिक्षण होतं, गोत्रीकडच्या एका सभागृहात. मी वेळेवर पोचलो. दीपप्रज्वलन चाललं होतं. वात काही पेटेना, कारण पंखा बंद करायचं कुणाला सुचत नव्हतं. मी कोपऱ्यातली खुर्ची धरली आणि समोर नजर टाकली. तिसऱ्या रांगेत माझ्या मुलीची होणारी सासू बसली होती.

होणारी म्हणजे, व्हायची शक्यता असलेली. मुलगा आणि मुलगी यांचं त्यांनीच ठरवलेलं. मुलगा गोरव्यातल्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात आहे. त्याची आई तिथल्याच शहरी आरोग्य केंद्रात डॉक्टर. वडील नाहीत. आदल्याच रविवारी आम्ही त्यांच्याकडे जेवून आलो होतो. बडोद्यातल्या दोन मराठी घरांत होतं तसंच झालं: त्यांचे पूर्वज संस्थानच्या फौजेत होते, आमचे संस्थानच्या दप्तरात. त्यांच्याकडे शिपायाचा सरदार झाला होता, आमच्याकडे कारकुनाचा दिवाणांचा उजवा हात. दोन्ही बाजूंनी मान डोलवून ते मान्य केलं. बोलणी पुढच्या रविवारी करायची ठरली.

माझ्या आजाराचं मुलीने मुलाला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. आईला मी सांगतो, असं तो म्हणाला होता. योग्य वेळ बघून. ती वेळ त्याला अजून सापडली नव्हती, आणि आता ती सापडायच्या आत मी माईक घेऊन उभा राहणार होतो.

तिसऱ्या रांगेतल्या त्या डॉक्टरांनी मला पाहिलं, हसून नमस्कार केला. कोपऱ्यात बसलेला माणूस म्हणजे कुणीतरी निमंत्रित, असाच त्यांचा समज झाला असणार. माझ्या शेजारी बसलेल्या अधिकाऱ्याचाही तोच समज होता. तो मला विश्वासात घेऊन म्हणाला, "हे पेशंट लोक बाहेरून एकदम नॉर्मल दिसतात, काय? आपल्याला समजतच नाही." मी म्हटलं, "खरं आहे. अजिबात समजत नाही."

मग सुरुवातीचा खेळ झाला. संयोजकाने जमिनीवर पांढरी पट्टी चिकटवली होती. सगळ्यांनी समोरच्या भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, तो प्रश्न विचारणार, उत्तर हो असेल तर एक पाऊल पुढे. मानसिक आजार असलेल्या माणसाबरोबर काम कराल का? त्याला घर भाड्याने द्याल का? त्याच्या हातचं खाल का? त्याच्यावर मुलं सोपवाल का? आणि शेवटी, त्याच्या घराशी सोयरीक कराल का?

याला म्हणे पूर्वचाचणी म्हणतात. प्रशिक्षणाआधी लोक किती मागे होते आणि प्रशिक्षणानंतर किती पुढे आले, ते यातून कळतं. पण माझ्यासमोरचे लोक मुळात मागे राहायलाच तयार नव्हते. सगळा सरकारी आरोग्य विभाग कवायतीसारखा एक एक पाऊल टाकत पुढे आला. घर देऊ, हातचं खाऊ, मुलं देऊ. सोयरिकीच्या प्रश्नाला तर एक गृहस्थ पट्टी ओलांडून पार पलीकडे गेले. डॉक्टरही सगळ्यांबरोबर पट्टीपाशी येऊन उभ्या राहिल्या. मला आनंद व्हायला हवा होता. पण आवारातलं घर भाड्याने देताना शाकाहारी आहात का, हेही दोनदा विचारणारी ही माणसं मला चांगली माहीत आहेत. तो आनंद काही होईना.

त्यानंतर माझं नाव पुकारलं.

माईक हातात घेतला तेव्हा खोटं सांगायला नको, पळून जावंसं वाटलं. घसा बसलाय म्हणता आलं असतं. मुलीचा चेहरा डोळ्यांपुढे आला. ती अगदी स्पष्ट म्हणाली होती, "बाबा, जिथे तुम्हाला लपवावं लागेल तिथे मी नांदायची नाही." नांदायला जायचं होतं तिला, आणि पळायला निघालो होतो मी. मी बोललो. गोळ्यांचं, दवाखान्याचं, विश्वामित्रीचं. लोक हसले. डॉक्टर हसल्या नाहीत. त्या मांडीवरच्या बॅगेची चेन उघडत होत्या आणि लावत होत्या. माझं बोलणं संपलं तेव्हा टाळ्या चांगल्या पडल्या. संयोजकाने लांबून अंगठा दाखवला. माझं दुःख त्या दिवशी पुरेसं वाढलेलं असणार.

जेवणाच्या वेळी माझ्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. सकाळच्या त्या अधिकाऱ्याला एकाएकी लांबचं कुणीतरी ओळखीचं दिसलं. पट्टी ओलांडून गेलेले गृहस्थ मला लांबूनच, फार सावकाश आणि शब्द तोडून तोडून म्हणाले, "पुरी... घ्या." डॉक्टर खिडकीपाशी फोनवर होत्या. मुलाशीच बोलत असणार. त्या माझ्याकडे आल्या नाहीत. मी घरी फोन लावला नाही. बायकोला काय सांगणार होतो? ती बिचारी रविवारसाठी श्रीखंडाचा चक्का आत्तापासून ठरवून बसली होती.

दुपारी सत्र सुरू व्हायच्या आधी संयोजक घामाघूम होऊन आला. लॅपटॉपवर आकडे भरताना त्याच्या ध्यानात आलं होतं की पूर्वचाचणीत सगळ्यांना पैकीच्या पैकी गुण पडलेत. म्हणजे संध्याकाळी परत चाचणी घेतली तर प्रगती शून्य. एवढं प्रशिक्षण, एवढे पाहुणे, आणि प्रभाव काहीच नाही! वरच्यांना काय दाखवायचं?

त्याने माईक घेतला आणि कळकळीने विनंती केली. पूर्वचाचणी आपण पुन्हा घेऊ. सकाळचं सगळं विसरून जा. तुम्ही अजून काहीच शिकलेले नाहीत असं धरा, आणि जरा मागे राहा. "थोडंसं पाछळ राहो ने, प्लीज. प्रोग्रेस दिसली पाहिजे."

आणि काय सांगू, त्या सभागृहात एकदम जान आली. सकाळी तोंडं आवळून पुढे येणारी माणसं आता मोकळी झाली. घर भाड्याने द्याल का? "ना रे! सोसायटीवाले मला बाहेर काढतील." हातचं खाल का? "बिस्कीट चालेल, पाकिटातलं." मुलं सोपवाल का, यावर तर भिंतीपाशी खसखस पिकली. कुणालाही अभिनय करावा लागत नव्हता. नेमकं किती अंतरावर उभं राहायचं, ते प्रत्येकाच्या पायांना आधीच माहीत होतं. मला राग आला, भयंकर राग आला, आणि त्याच वेळी हसूही येत होतं. दिवसभरात खरं बोलायची परवानगी त्यांना पहिल्यांदाच मिळाली होती.

शेवटचा प्रश्न आला. अशा घराशी सोयरीक कराल का?

"ना!" एका सुरात आलं. जे दोन-चार जण पाऊलभर पुढे आले होते, तेही भिंतीकडे सरकले. मी डॉक्टरांकडे पाहत होतो. त्या मागे गेल्या तर मी काय समजायचं? मागे जायला तर सांगितलेलंच होतं. मुलीचं होणार की मोडणार, ते इथे आता कळणार असं वाटत होतं आणि कळायचा काही मार्गच उरला नव्हता.

डॉक्टर मागे गेल्या नाहीत. पुढेही आल्या नाहीत. भिंत आणि पट्टी यांच्या मध्ये, मोकळ्या जमिनीवर त्या एकट्या उभ्या होत्या.

"मॅडम, पाछळ," संयोजक म्हणाला. "नाहीतर पट्टीवर. मधलं लिहायला जागा नाही."

"मग नका लिहू," डॉक्टर म्हणाल्या. "सकाळी मी पुढे आले, ते खोटं होतं. आता मागे जाणं पण खोटंच होईल. ह्यांच्या मुलीची आणि माझ्या मुलाची बोलणी चालली आहेत. ह्यांच्या आजाराचं मला आज बारा वाजता कळलं. मला भीती वाटते. मुलाला फोनवर खूप बोलले. पण भिंतीला पाठ लावून उभी राहणार नाही."

संयोजकाने लॅपटॉप मिटला. डॉक्टर सरळ माझ्याकडे वळल्या.

"एक विचारू? त्रास परत सुरू होतो तेव्हा घरात पहिल्यांदा कुणाला कळतं?"

इतकी प्रशिक्षणं झाली, हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. औषधं विचारतात, कारणं विचारतात, आनुवंशिक आहे का ते तर हमखास विचारतात.

"मुलीला," मी म्हटलं.

"कसं?"

"मी एरवी फार कुरकुरतो. चहा गार आहे, पेपर उशिरा आला, रिक्षावाला चुकीच्या रस्त्याने गेला. कुरकुर थांबली आणि मी सगळ्यांशी गोड बोलायला लागलो, की ती त्याच दिवशी डॉक्टरांकडे घेऊन जाते. तेवढ्यावर निभावतं. गेली कित्येक वर्षं दवाखान्यात राहावं लागलं नाही ते तिच्यामुळे."

"आणि वहिनींना नाही कळत?"

"तिला आधी आनंद होतो."

डॉक्टरांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, पण त्या हसल्या नाहीत. "मग ती आमच्याकडे आल्यावर?"

मुलीचं लग्न मोडेल याची भीती मी सकाळपासून धरून बसलो होतो. लग्न झालं तर माझं काय होईल, हे मी स्वतःला एकदाही विचारलं नव्हतं. विचारलं नव्हतं कारण माहीत होतं. घर रिकामं होणार, मी एके दिवशी गोड बोलायला लागणार, बायको सुखावणार, आणि कुणाला काही कळायच्या आत मी पुन्हा नदी वळवायला निघणार. चारचौघांत माझे डोळे भरून आले. संयोजकाने फोटो काढला नाही, हे त्याचे उपकार.

डॉक्टर बॅग खांद्याला अडकवून जवळ आल्या. सगळे बघत होते. त्या माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसल्या आणि दवाखान्यात पेशंटशी बोलतात तशा साध्या आवाजात म्हणाल्या, "असं करू. लग्नानंतर दर रविवारी दोघं आमच्याकडे जेवायला येत जा. पोरगी असेल, मीही असेन. किती कुरकुर करताय ते दोघी बघत जाऊ."

मला काहीतरी चांगलं बोलायचं होतं. आभार मानायचे होते. तोंडातून निघालं ते भलतंच.

"येऊ," मी म्हटलं. "पण आमटीत गूळ कमी घाला. परवाची फारच गोड होती."

"हो का," डॉक्टर म्हणाल्या, आणि सकाळनंतर पहिल्यांदा हसल्या. "बरे आहात म्हणजे."